खोली नंबर चारचा आवाज

खोली नंबर चारचा पंखा दुरुस्त झाला आणि शिवराजच्या मागे साडेसाती लागली. तुमच्या-माझ्या घरचा पंखा सुधारला तर आपण सुखानं झोपतो. सरकारी पंख्याची गोष्ट निराळी असते हो. तो कुणाला विचारून सुधारला, याचा जाब द्यावा लागतो.

शिवराज हा तंजावूरच्या आमदार विश्रामगृहाचा व्यवस्थापक. राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेला. घरात मराठी, दारात तमिळ आणि सहीपुरती इंग्रजी, असा आमच्याकडच्या चारचौघांसारखाच. उभी नोकरी चादरी, उशा आणि गरम पाणी यांत गेली. समोरच्याला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. एकुलती एक लेक भुवना जन्मली, त्या दिवशीसुद्धा हा गृहस्थ कुणा आमदाराच्या आंघोळीला पाणी तापवत बसला होता. आमदारांना सर्दी झाली होती म्हणे. इस्पितळात पोचला तेव्हा पोर न्हाऊनमाखून झोपली होती. त्याची बायको कामाक्षी त्यावरून कधी भांडली नाही. फक्त दर वर्षी भुवनाच्या वाढदिवसाला पायसमची खीर वाढताना म्हणायची, "आधी साहेबांची आंघोळ होऊं दे." त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

आता त्याच भुवनाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरनं तिला कोइमतूरहून हलायला बंदी केली होती. लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेरानं उठून लेकीकडे जायचं, असं कामाक्षीनं ठरवून टाकलं. डिंक, सुंठ, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, सगळं बांधून तयार. महिनाअखेरीला दुपारी शिवराज निवृत्त होणार आणि तिथूनच दोघं गाडीत बसणार. नातवंडाच्या वेळी मी तिथं असणार, असा शब्द त्यानं लेकीला दिला होता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतःसाठी मागितली असेल.

आणि नेमकी त्याच दिवशी समिती आली.

ही समिती म्हणजे सभागृहाची सदन-सुविधा समिती. आमदारांना राहायला खोली आहे का, उपाहारगृहात इडली गरम मिळते का, उशी मऊ आहे का, नळाला पाणी येतं का, यावर देखरेख ठेवणं हे तिचं काम. काम चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण समितीला हुकूम देता येत नाही, फक्त शिफारस करता येते. शिफारस खात्याकडे जाते, खातं उत्तर देतं, समितीला ते उत्तर समाधानकारक वाटत नाही, मग ती उत्तरावर अहवाल काढते आणि खातं त्या अहवालावर उत्तर देतं. खोली नंबर चारचा पंखा आवाज करतो अशी तक्रार कुणा आमदारानं केली, त्याला युगं लोटली. तो आमदार पडला, पुन्हा निवडून आला, पुन्हा पडला. पंख्याचं घोंगडं तसंच भिजत पडलं. विषय समितीच्या विचाराधीन असल्यामुळे पंख्याला कुणी हात लावू नये, असा आदेश होता. दर वर्षी चेन्नईहून विचारणा यायची, आवाज अजून आहे काय? आणि दर वर्षी शिवराज वर जाऊन, कान देऊन ऐकून, आवाज आहे असं सहीनिशी कळवायचा.

शेवटी समितीनं ठरवलं की आपण जातीनं जाऊन आवाज ऐकावा.

समिती यायच्या आदल्या दिवशी शिवराज निवृत्तीच्या कागदांवर शिक्का आणायला ओरत्तनाडुच्या कचेरीत गेला होता. इकडे कामाक्षीनं विश्रामगृह घासूनपुसून लख्ख केलं. पाहुणे येणार म्हटल्यावर तिच्या अंगात वारं संचारायचं. दारात रांगोळीचं मोठं कोलम घातलं, पितळ चिंचेनं घासलं आणि वरच्या मजल्यावर चार नंबरमध्ये येऊन वर पाहिलं. पंखा कर्रकर्र करत होता. घरी पाहुणे येणार आणि डोक्यावर हे? लोक खात्याला नाही, बाईमाणसाला नावं ठेवतात. आदेशबिदेश तिला ठाऊक होता. पण पाहुण्यापुढे मोडकी वस्तू ठेवू नये हा तिच्या आजीचा आदेश त्याहून जुना होता. तिनं गल्लीतल्या अप्पाजी वायरमनला बोलावलं. त्यानं पंखा उतरवला, बेअरिंग बदललं, आकड्यात नवा रबरी बुश घातला, स्क्रू आवळले. कामाक्षी खाली स्टूल धरून सगळं बघत होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, तो असा.

सकाळी समितीच्या गाड्या फाटकात शिरत होत्या, तेव्हा शिवराजनं खात्री करून घ्यावी म्हणून चार नंबरचं बटण दाबलं. पंखा फिरला. कान टवकारून तो उभा राहिला. आवाज म्हणून काही येईना. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, आवाज नाही म्हणजे शिवराजची वर्षानुवर्षांची सही खोटी. सही खोटी म्हणजे सभागृहाची दिशाभूल. दिशाभूल म्हणजे हक्कभंग. आणि अंगावर असलं प्रकरण असताना माणसाला निवृत्त होता येत नाही. कोइमतूरची गाडी गेलीच म्हणून समजा.

समितीचे अध्यक्ष सुंदर हे भल्या मोठ्या पोटाचे आणि भल्या मनाचे गृहस्थ. ते खाटेच्या कडेला टेकले. बाकीचे सदस्य भिंतीला लागून उभे राहिले, आणि समितीच्या अधिकारी वरलक्ष्मीबाई लिहायला सरसावल्या. सगळे माना वर करून पंख्याकडे बघू लागले. एक सदस्य म्हणाले, हवा छान येते. अध्यक्षांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. हवा हा विषयपत्रिकेवरचा विषय नव्हता.

बराच वेळ झाला. अध्यक्षांनी शिवराजला विचारलं, आवाज कुठे आहे? त्यानं घाबरत घाबरत खरं ते सांगितलं. घरच्यांनी पाहुणे येणार म्हणून दुरुस्त केला. वरलक्ष्मीबाईंनी नियम वाचून दाखवला. विचाराधीन वस्तूत बदल करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. विरोधी पक्षाचे एक सदस्य म्हणाले, मुळात आवाज होता तरी का, हेच आता कळायला मार्ग नाही. अध्यक्ष म्हणाले, मार्ग आहे. इतकी वर्षं ज्यानं आवाज ऐकला, तो माणूस हयात आहे. त्यानं काढून दाखवावा.

आणि शिवराजला पंख्याखाली उभं करण्यात आलं. बिचाऱ्यानं लाजेनं डोळे मिटले. मग घसा खाकरून त्यानं सुरुवात केली. कट्, कट्, कर्रर्र, टक्. पहिल्यांदा जरा चाचरला, पण नंतर लय सापडली. इतकी वर्षं ऐकलेला आवाज त्याच्या हाडीमांशी खिळला होता. विरोधी सदस्य तावातावानं पुढे आले. आपण एकदा याच खोलीत मुक्काम केलाय, आत्ता आठवलं, शेवटी एक उसाशासारखं काहीतरी होतं, ते साक्षीदार लपवतोय, असं त्यांचं म्हणणं. शिवराजनं माफी मागून उसासा घातला. हाच, अगदी हाच, म्हणत त्या सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या साली ते मंत्री होते.

समितीचं एकमत झालं, जे तिच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. आवाज होता. शिवराजची सही खरी. हक्कभंग नाही. शिवराजनं देवाचे आभार मानायला हात जोडले आणि तेवढ्यात वरलक्ष्मीबाई म्हणाल्या, एक अडचण आहे. विषय अजून संपलेला नाही. खातं उत्तर देईल, मग पुढची समिती हा आवाज कुठे ऐकणार? तो आता पंख्यात नाही, या माणसात आहे.

अध्यक्षांनी मान डोलावली. विषयाचा अंतिम निकाल लागेपर्यंत साक्षीदाराला सेवेतून सोडू नये, असं ठरलं. इतिवृत्तावर सह्या जेवणानंतर. "अभिनंदन शिवराज," अध्यक्ष मनापासून म्हणाले. "तुमची नोकरी वाढली."

आणि शिवराज, ज्याला आयुष्यात कधी नाही म्हणता आलं नाही, तो सवयीनं म्हणाला, थँक्यू सार.

कामाक्षी ताकाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, आपल्या हातांचा. याच हातांनी स्टूल धरलं होतं. समितीला मराठी येत नव्हतं, तेव्हा तिनं नवऱ्याशी सरळ आपल्या भाषेत बोलून घेतलं.

"तुम्ही यांना जेवायला बसवा. आज वाढणं तुमचं. आवाजाचं मी बघतें."

काय म्हणाल्या, असं अध्यक्षांनी विचारलं. पानं घेतली आहेत म्हणते, असं शिवराजनं सांगितलं.

खाली जेवणघरात केळीची पानं मांडली. शिवराज वाढू लागला. भात, सांबार, कूटू, अप्पळम. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाहुणे पानावर बसलेत आणि कामाक्षी तिथं नाही, असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती असती तर अध्यक्षांना आग्रह करकरून उठू दिलं नसतं. शेजारून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग जिना चढल्याचा. पण तो वाढत राहिला, आणि जेवणं लांबावीत म्हणून जमेल तसा आग्रहही करू लागला.

रसमभाताला हात घातला असेल नसेल, तोच वरून आलं. कट्. कट्. कर्रर्र.

सगळ्या समितीचे हात पानावर थबकले. विरोधी सदस्य ताडकन उठले. अध्यक्ष उष्ट्या हातानं जिना चढले, मागून बाकीची समिती, आणि सगळ्यात शेवटी रसमचं भांडं घेतलेला शिवराज. जिन्यात कामाक्षी भिंतीला लागून उभी राहिली आणि पाहुण्यांना वाट दिली. तिचे हात पदराखाली होते.

पंखा डुगडुगत फिरत होता आणि कण्हत होता. अध्यक्षांनी शिवराजला पुढे बोलावलं. गंभीर प्रश्न होता. इतिवृत्तात नोंदला गेलेला आवाज तो हाच का?

शिवराजनं कान दिला. तो आवाज नव्हताच हा. जुना आवाज बेअरिंगचा होता. हा मोकळ्या स्क्रूचा आणि काढलेल्या बुशचा होता, जरा वरच्या पट्टीतला, आणि उसाशाचा तर पत्ताच नव्हता. इतकी वर्षं त्यानं या पंख्याबद्दल एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. दारात उभ्या कामाक्षीकडे त्यानं पाहिलं. पदराच्या आडून तिच्या बोटांचं काळं ग्रीस दिसत होतं.

"तोच, सार," तो म्हणाला. "दुसरा असूच शकत नाही."

विरोधी सदस्य उसाशाचं काहीतरी बोलू लागले. पण अध्यक्षांचा भात खाली निवत होता. पंख्यानं स्वतः साक्ष दिल्यावर माणसाच्या साक्षीची गरज उरली नाही, असं ठरलं. पंखा तातडीनं दुरुस्त करावा अशी खात्याला शिफारस झाली, आणि तोवर त्याला कुणी हात लावू नये असा आदेशही. वरलक्ष्मीबाईंनी शिवराजचं नाव खोडलं. सगळ्यांनी खाली येऊन उरलेलं जेवण केलं. कामाक्षीनं हात धुऊन अध्यक्षांना दोनदा पायसम वाढलं. पाहुण्यांवर तिचा राग नव्हता.

गाडीत पापनाशम मागे पडेपर्यंत—नाही, चुकलो, पापनाशम दुसऱ्या दिशेला. गाडी तिरुचीकडे धावत होती. तर तिरुची येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत बसली. मग कामाक्षी नखांतलं ग्रीस बघत म्हणाली की पाहुणे पानावर बसलेले असताना आपण घरातली वस्तू मोडली, आजी असती तर तोंड पाहिलं नसतं. शिवराज म्हणाला, आपणही आज खोटी साक्ष दिली. दोघांनाही फार वाईट वाटलं. मग तिनं डब्यातला दहीभात काढला आणि दोघं पोटभर जेवली.

भुवनाला मुलगी झाली. शिवराज दाराबाहेर उभा होता, आणि दाईच्या हातून पोर आधी त्यानंच घेतली. घरी आणल्यावर पहिल्या आंघोळीचं पाणी मीच तापवणार, असा त्यानं हट्ट धरला. चुलीपुढे बसून कोपरानं पाणी बघत होता, तेवढ्यात फोन वाजला. वरलक्ष्मीबाई होत्या. चार नंबरमध्ये एक सदस्य उतरलेत, गरम पाण्याचा बॉयलर पेटत नाहीये, नव्या व्यवस्थापकाला त्याची खुबी कळत नाही, साहेब पंचा गुंडाळून उभे आहेत. जरा फोनवर सांगता का?

कामाक्षी पोरीला पायांवर घेऊन बसली होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"साहेबांना थांबायला सांगा," शिवराज म्हणाला. "आधी माझ्या नातीची आंघोळ होऊं दे."

त्यानं फोन ठेवला. कामाक्षीनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग पाणी फार कढत केलंत म्हणून त्याच्यावर ओरडली.