पुढे ओढलेली सीट

सर्व्हेअर गाडीत बसायला गेला आणि त्याचे दोन्ही गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. अर्धा आत, अर्धा बाहेर असा तो क्षणभर तसाच राहिला. विमा कंपनीच्या माणसाची ही गत पाहून गॅरेजवाल्याने हसू दाबले आणि उगाच हातातला पाना पुसला.

"थांबा, थांबा," म्हणत मुलगा धावला. त्याने वाकून सीटखालचा खटका ओढला आणि सीट पार मागे ढकलली.

"गाडी तुम्हीच चालवत होता ना?"

"हो. मीच."

सर्व्हेअरने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. मुलगा दारातून वाकून आत येणाऱ्यांतला होता.

"मग सीट एवढी पुढे कशी?"

"धडकेनं सरकली असेल."

"असेल," सर्व्हेअर म्हणाला आणि त्याने पुढे काही विचारले नाही. 

आई गाडीच्या पलीकडे उभी होती, चेपलेल्या दारापाशी. तिचा एक हात गळ्यात बांधलेला होता. दुसऱ्या हाताने तिने त्या दाराची कडी ओढून पाहिली. ती हलली नाही. टेम्पो याच बाजूने आला होता, सिग्नल तोडून.

"तुझ्या बाबांचा काळा चष्मा आत राहिलाय," ती म्हणाली.

"मी काढून देतो, आई. तू बस तिकडे."

गॅरेजवाल्याने एक स्टूल पुढे केले. ती बसली नाही.

टेम्पोवाल्याचा विमाच नव्हता. कोर्टात खेचावे म्हटले, तर त्याच्या खोलीत एक खाट आणि दोन पातेली. काका म्हणाले होते, "उघड्याकडे गेलं नागडं आणि रात्रभर हिवानं मेलं. त्याच्याकडून काय घेणार तुम्ही?" पण वडील सावध माणूस. बिनविम्याच्या गाडीने ठोकले तर आपल्याच कंपनीने भरपाई द्यावी, असे वेगळे संरक्षण ते दरवर्षी न चुकता घेत. "जग आपल्या भरवशावर चालत नाही," ते म्हणायचे. "आपलं पांघरूण आपणच घेऊन निघावं." ते या अपघातात गेले; आता तस्बिरींना चौकटी करण्याचे त्यांचे दुकान टिकायचे तर त्या पांघरुणावरच टिकणार होते. आईच्या खांद्याचे ऑपरेशनही त्यातूनच व्हायचे होते.

अडचण एवढीच, की गाडी आई चालवत होती आणि तिच्या लायसन्सची मुदत संपली होती. नवे करू, उद्या करू, असे करता करता ते राहून गेले होते. तसल्या माणसाच्या हाती गाडी असेल तर कंपनी छदाम देत नाही. अपघात घराजवळच्या चौकात झाला. आवाज ऐकून मुलगा धावत गेला, आईला त्याने बाहेर काढले आणि पोलीस आले तेव्हा सांगून टाकले, "मी चालवत होतो. आई मागे होती." त्या वेळी आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नंतरही ती काही बोलली नाही, तेव्हा तिची संमती आहे असेच सगळ्यांनी धरले.

सर्व्हेअरने फोटो काढले, चाकांपाशी उकिडवा बसून पाहिले. मग बॉनेटवर कागद ठेवून त्याने पेन उघडले.

"एवढं विचारावंच लागतं. धडकेआधी काय चाललं होतं? म्हणजे, लक्ष रस्त्यावर होतं का? बोलत होता कुणाशी?"

"बाबा बोलत होते थोडं," मुलगा म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन करून आणत होतो त्यांना. म्हणाले, फार दुखतंय रे, लवकर घरी चल."

"आणि मग?"

"मग... तेवढंच. तेच शेवटचं बोलले."

"नाही," आई म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिले.

"दुखतंय असं म्हणाले नाहीत ते. कधीच म्हणायचे नाहीत."

"आई, तू मागे होतीस. तुला नीट ऐकू—"

"मी मागे नव्हते."

मुलाने डोळे मिटून घेतले. गॅरेजवाला पाना घेऊन दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. सर्व्हेअरने पेन उचलून धरले आणि घसा साफ केला.

"बाई, मी अजून काही लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही घरी जाऊन बोलून घ्या. मी उद्या येतो."

"आई, दुकान जाईल," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तुझा हात तसाच राहील. कळतंय का तुला? कुणासाठी करतोय मी हे?"

"माझ्यासाठीच करतोयस. कळत नाही का मला?" तिने बऱ्या हाताने त्याची बाही धरली. "पण तू मला मागच्या सीटवर बसवलंस रे. जो येतो त्याला तेच सांगतोस. आणि आता त्यांचं शेवटचं बोलणंसुद्धा तुझ्याशीच झालं म्हणतोस. मग माझ्याकडे काय राहिलं?"

 पलीकडे कुठेतरी पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"एका डोळ्यावर पट्टी होती त्यांच्या," ती सर्व्हेअरला सांगू लागली. "दुसऱ्यानं माझ्याकडे बघत बसले होते. म्हटलं, पुढे बघा, माझ्याकडे काय बघताय? तर म्हणाले, एकच डोळा उघडा आहे, तरी अख्खी दिसतेस. आहेसच तेवढी."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"जन्मभर माझ्या उंचीवरून चिडवलं. मी हसत होते तेव्हा. सिग्नल हिरवा होता, मी नीट पाहिला होता. पण हसत होते. तेही लिहा."

"ते लिहायची गरज नाही," सर्व्हेअर म्हणाला.

"मग गाडी कोण चालवत होतं, तेवढं लिहा."

त्याने मुलाकडे पाहिले. मुलगा खाली मान घालून उभा होता. शेवटी त्याने होकारार्थी मान हलवली. सर्व्हेअरने दोन ओळी लिहिल्या, कागद घडी करून पिशवीत ठेवला, आणि निघताना त्याने आईला वाकून नमस्कार केला. एरवी तो असे करणाऱ्यांतला नसावा, कारण ते त्याला नीट जमले नाही.

तो गेल्यावर आई चालकाच्या दाराशी आली.

"चष्मा घेते."

"मी देतो ना काढून."

"नको. मला बसायचंय जरा."

 मुलगा खाली वाकला, त्याने खटका ओढला आणि सीट पुढे घेतली.

"अजून," आई म्हणाली.