पार्बताला मारलेला छाप

आमच्या जंगलात माणूस एका जागी फार वेळ उभा राहिला की त्याचा साग होतो. त्यात नवल काही नाही. मागचे साहेब नाल्यापाशी मोबाइलला रेंज शोधत उभे राहिले, ते अजून तिथंच आहेत. चांगले उंच झालेत.

मी वनमजूर. तोडायच्या झाडाला छातीच्या उंचीवर फीत लावायची, साल तासायची, हातोड्यानं सरकारी छाप मारायचा आणि पुढं सरकायचं. लोकांना रोज नवीन काहीतरी लागतं. मला कालचंच आज मिळालं की बरं वाटतं बुवा, डोक्याला ताप नाही. फक्त राहतो त्या चौकीवर बोलायला कुणी नसतं. मी भांड्यांशी बोलतो, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी भर दुपारी माझी बायको पार्बता हिरवं लुगडं नेसून गावाहून आली.

"अवो, चला ना घरी. मी किती दिवस भिंतीशी बोलू?"

"येतो. एवढी रांग होऊ दे."

"तुमची रांग काही सरत नाही."

"सरते गं. तू थांब इथंच."

बोलून गेलो. कामात शिरलो की मला कशाचं भान राहत नाही. फीत, तासणी, छाप. फीत, तासणी, छाप. शेवटच्या झाडाची साल तासली तर आत हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. पण हात सवयीचा. छाप बसून गेला.

"पार्बता," मी म्हणालो. वारा नव्हता, तरी पानं हलली. तळहात सोलेस्तोवर छाप घासला, पण तो निघेना. तिला सोडवून न्यावं म्हणून वाट शोधली, तर साग खांद्याला खांदा लावून उभे होते.

करवतवाले आले, त्यांना मात्र सागांनी वाट दिली. पुढं मुकादम टेकाम.

"ही नको रे. ही माझी बायको आहे."

त्यानं छापावर बोट ठेवलं. "छाप तुमचाच ना, मामा?"

"माझाच."

"मंग? तुम्हीच म्हणता, छाप बसला की देवाचंही चालत नाही."

मला रडू आलं. त्यानं करवत उचलली.

"कुणीकडे पाडू?"

आम्ही झाडं नेहमी उताराकडे पाडतो. मी वरच्या अंगाला, पार्बतासमोर जाऊन उभा राहिलो.

"इकडे," मी म्हणालो.

करवत सुरू झाली, आणि पार्बता सगळ्या पानांनिशी माझ्याकडे वाकायला लागली.