भीमाकाठचे चुन्यातले चर्च

मित्रांनो, मांडवगण फराट्याहून भीमेच्या काठाने पुढे आलात, की एका वाडीत काळ्या दगडाची बुटकी, कौलारू इमारत दिसते. ती म्हणजे मी. मी मेथडिस्ट चर्च आहे. वय शंभरीच्या पुढे. मला उंच मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. तरी मी ताठ मानेने उभे आहे.

गावकुसाबाहेरच्या नऊ कुटुंबांनी मला बांधले. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबून संध्याकाळी ती माणसे नदीतून दगड आणत. चुन्याच्या घाण्याला कोणी बैल दिला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच जू खांद्यावर घेतले.

रविवारी उपासना आणि बाकीचे दिवस शाळा. साखरबाई शिकवायच्या. एका शेतकऱ्याने आपल्या पोराला वेगळे बसवायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इथं मी नाव विचारते, आडनाव न्हाई." पोरगा सगळ्यांबरोबर सतरंजीवरच बसला.

पुढे सरकारी शाळा आली. तरुण माणसे कारखान्यांत गेली. मी नवे दिसावे म्हणून कोणीतरी माझ्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आत कोंडली आणि तीन वर्षांपूर्वी वेदीमागची भिंत फुगून तडकली.

मंडळीची बैठक बसली. पाळकसाहेब काळजीने म्हणाले, "उपासनेत भिंत कुणाच्या अंगावर आली तर? पाडून पत्र्याची शेड करू."

दोघे-तिघे लगेच पत्र्याचा हिशोब मांडू लागले.

मग मंडळीतलीच रुपाली उठली. ती पाबळला बांधकाम शिकून आलेली. तिने भिंत ठोकून पाहिली. "साहेब, दगड चांगला हाय. सिमेंटनं ओल धरलीया. ते काढू, फुगलेला भाग उतरवून परत चुन्यात रचू."

"चुन्याचं काम आता येतं कुणाला?"

"मला येतं," कोपऱ्यातून रोहिदासआबा म्हणाले. ते ऐंशीचे, जुने गवंडी. माझा पाया त्यांच्या आजाने भरलेला. "पर हातात आता जोर न्हाई."

"जोर माझा, आबा. तुम्ही निस्तं सांगा."

पाळकसाहेबांनी एक उन्हाळा दिला.

आबा खुर्चीवर बसून सांगत आणि रुपाली करत गेली. चुना किती दिवस भिजवायचा, गुळाचे पाणी कधी घालायचे, सगळे तिने शिकून घेतले. सिमेंट खरवडून, प्रत्येक दगडावर खडूने आकडा घालून तिने फुगलेली भिंत उतरवली आणि तशीच पुन्हा रचली. तळहातांना फोड आले, पण ती एक दिवसही चुकली नाही.

अख्खा पावसाळा झेलून झाल्यावर, दिवाळीनंतर पाळकसाहेबांनी भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत.

"आबा, माझं चुकलं होतं," ते म्हणाले.

"तुमचं न्हाई साहेब, सिमेंटचं."

आज रुपाली तळेगाव ढमढेऱ्याकडे एका जुन्या मशिदीची भिंत चुन्यात बांधते आहे. हाताखाली चार बाया शिकताहेत. त्यांतल्या शायनाला ती सांगते, "हे काम आमच्या चर्चात शिकले मी." हे कानावर आले, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

मित्रांनो, जुने काही पाडायला निघालात, तर आधी त्याला हात लावून पाहा. ते जाणणारे माणूस हयात असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. उशीर करू नका. रोहिदासआबा यंदाच्या माघात गेले. शिकवायचे काही बाकी ठेवून मात्र गेले नाहीत.