तेलाचं बोट लागलेली क्लच प्लेट

मी एक जुनी क्लच प्लेट आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मोटारीत इंजिन आणि गिअर यांच्या मधोमध मी बसते. ड्रायव्हरने डाव्या पायाने क्लच दाबला की मी मोकळी होते. पाय उचलला की दोन्हीकडून करकचून दाबली जाते आणि इंजिनाचं बळ माझ्यातून चाकांकडे जातं. माझ्या अंगावर दोन्ही बाजूंनी खरखरीत अस्तर असतं. ते कोरडं आहे तोवर माझी पकड, ओलं झालं की मी फुकट. आणि दुसरं सांगून ठेवते, मी जन्माची भित्री. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुमचीही पाचावर धारण बसली असती.

माझा जन्म साता समुद्रापार झाला. बोटीने मी मुंबईच्या बंदरात उतरले आणि तिथून नाशकात आले, आग्रा रोडच्या कडेला निसार मिस्त्रींच्या कारखान्यात. पेटीत माझ्या शेजारी आणखी एक प्लेट होती. तिचं अस्तर धातूचं, कडक, आणि तिच्यात माझ्यासारख्या स्प्रिंगा नव्हत्या. दोघींतून एकीची निवड व्हायची होती.

गाडी होती पिंपळगाव बसवंतच्या रंगनाथरावांची. कांद्याचे मोठे व्यापारी, आणि गाडीचा भारी तोरा. तिच्या इंजिनाला पाणी लागत नसे, पंख्याच्या वाऱ्यावरच ते गार व्हायचं. वर रावांनी मुंबईच्या कारागिराकडून त्याचं बळ वाढवून घेतलं होतं. ते बळ जुन्या प्लेटला पेललं नाही. कसाऱ्याच्या घाटात ती जळून कोळसा झाली आणि गाडी उताराला मागे घसरली. दरडीला टेकली म्हणून निभावलं. तिचे काळे तुकडे मिस्त्रींच्या टेबलावर मी पाहिले.

रावांनी कडक प्लेट उचलली. "इंजिन दांडगं, तर प्लेटही दांडगी पाहिजे. हीच बसव."

निसार मिस्त्रींनी मान हलवली. "राव, ही पकडते खरी, पण एकदम पकडते. घाटात थांबलेली गाडी उचलताना असा हिसका बसेल की गिअरचे दात हातात येतील. ही दुसरी बघा. हिच्या पोटातल्या स्प्रिंगा हिसका खातात. मागून दाबणाऱ्या स्प्रिंगा मी जास्त ताठ घालतो, म्हणजे ही घसरणार नाही. शिवाय वाऱ्यावर गार होणारं इंजिन घाटात तापतं, तिथं धसमुसळेपणा चालत नाही." असं म्हणत त्यांनी माझ्या अस्तरावरून तळहात फिरवला, मला उजेडात धरून वाकडी तर नाही ना ते पाहिलं, नाकाशी नेऊन वासही घेतला. इतक्या मायेने मला कुणी पारखलं नव्हतं.

रावांना ते रुचलं नाही. "माझ्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला न्यायचंय या गाडीतून. तुला एवढी खात्री आहे ना? मग आधी तुझी घरवाली बसव आणि घाट उतरून चढून दाखव."

"बसवतो," मिस्त्री तडकन म्हणाले.

मागच्या दारात त्यांची बायको रोशनबी चहा घेऊन उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिने चहा ठेवला आणि ती आत गेली.

गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर जोडायची असं रावांनी ठरवलं, आणि तोवर मला ते पूजेसाठी पिंपळगावला घरी घेऊन गेले. तिथेच माझा घात झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, वजनाचा काटा आणि शेवटी मी. रावांच्या आई कुसाबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. त्यांनी चाचपत प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. मग गंजू नये म्हणून प्रत्येकाला तेलाचा हात फिरवला.

माझ्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही किती कोरडी ठाक हाय. माझं लेकरू हिच्या जिवावर घाट चढणार, हिला चांगलं चोळलं पायजे." आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी मला तेल चोळलं. मग पदराने पुसून काढलं. वरचं तेल गेलं, आत मुरलेलं मुरलंच. मित्रांनो, एवढ्या मायेच्या हाताने कुणी विष घातलं नसेल. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

दसऱ्याला मुहूर्त टळत आला म्हणून रावांनी घाईघाईत मला मिस्त्रींच्या हाती दिलं. आपण एकदा पारखलेलीच वस्तू, म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. शेडमध्ये उजेडही बेताचा होता. माझ्यावर लोखंडाचं झाकण बसलं आणि मी अंधारात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. मिस्त्री चालवत होते, मागे एकटी रोशनबी. राव घाटाच्या माथ्यावर, इगतपुरीला उतरून थांबले. घाट उतरताना काही कळलं नाही. परत चढू लागलो तेव्हा मी तापले आणि मुरलेलं तेल अंगावर फुटू लागलं. मला धरवेना. इंजिन ओरडे आणि गाडी मात्र मुंगीच्या पावलाने चाले.

एका खड्या वळणावर वरून गवताने भरलेल्या बैलगाड्या आल्या आणि थांबावं लागलं. त्या गेल्यावर मिस्त्रींनी क्लच सोडला. मी जीव खाऊन धरलं, पण अंग नुसतं बुळबुळत होतं. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकली. मिस्त्रींनी पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला, पण घाट उतरताना तापून दोन्ही ढिले पडले होते, गाडी तसूतसूने मागे जातच होती. मागे बुटका कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही.

"रोशन, उतर," मिस्त्रींचा आवाज चिरकला. "चाकामागे दगड लाव. मला पाय काढता येत नाही."

तिने उडी टाकली. कठड्याजवळचा धोंडा दोन्ही हातांनी लोटत आणला आणि सरकत्या चाकाखाली सारला. गाडी कचकन थांबली. तिची बोटं थोडक्यात वाचली.

मिस्त्री खाली उतरले, वाकले आणि त्यांनी वास घेतला. "तेल जळतंय," ते पुटपुटले. "हिला तेल कुणी लावलं?" मग ते म्हणाले, "कोरडी धूळ पाहिजे. बारीक. खडा नको."

रोशनबीने ओढणी पसरली, रस्त्याच्या कडेची धूळ तिच्यातून चाळली आणि ओंजळ भरून दिली. माझ्या झाकणाला एक खिडकी असते, तिच्यातून मिस्त्रींनी ती आत फुंकली. माझं अंग सोलवटून निघालं. पण मित्रांनो, पकड आली.

"आता बसू?" रोशनबीने विचारलं.

मिस्त्री तिच्याकडे बघेनात. "नको. चालत ये."

ती बसली नाही आणि बाजूनेही चालली नाही. पेलेल तेवढा दगड हातात घेऊन ती गाडीच्या मागे मागे चालत आली, पुन्हा घसरली तर चाकाखाली घालायला. गाडी घसरली असती तर आधी तिच्याच अंगावर आली असती. तो अख्खा चढ मी दात ओठ खाऊन चढले. तसली भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात राव तापले होते. "सांगत होतो मी, कडक प्लेट घाल म्हणून." आईही त्यांच्यासोबत आल्या होत्या. मिस्त्रींनी मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. माझं अस्तर ठोकलेल्या रिव्हेटच्या, म्हणजे खिळ्यांच्या, खळग्यात कुंकू चिकटलेलं होतं. रावांनी ते आईला सांगितलं. कुसाबाईंनी बोटाने चाचपून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बाबा, ते तेल म्या लावलं. मला वाटलं, तिचं भलं व्हईल."

"तुमची चूक नाही, आई. घालण्याआधी मी हात फिरवायला पाहिजे होता," मिस्त्री म्हणाले. मग रावांना म्हणाले, "प्लेट याच जातीची मागवा. कोरडी."

"मागवतो. मग दोघं पुन्हा घाट करून या," राव म्हणाले.

मिस्त्री मागच्या दाराकडे वळले. तिथे रोशनबी उभी होती. प्लेट निवडताना त्यांनी माझा वाससुद्धा घेतला होता, पण घाटात न्यायच्या माणसाला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आज त्यांनी विचारलं, "येशील?"

"नाही," रोशनबी म्हणाली. "मला तेव्हाही यायचं नव्हतं."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "ती येणार नाही, राव. मी एकटा जाईन."

तेवढ्यात कुसाबाई हळूच म्हणाल्या, "रंगनाथ, मला तरी कुठं इचारलंस? मला मोटारीचं लय भ्या वाटतं रे. मी आगगाडीनं जाते."

"बरं आई, आगगाडीनं जाऊ," राव म्हणाले.

आता मी रोशनबीच्या स्वयंपाकघरात तापलेल्या पातेल्याखाली असते. अस्तर गेलं, स्प्रिंगा गंजल्या. मित्रांनो, हात जोडून एवढंच मागते. यंत्र असो की माणूस, त्याच्यावर माया करण्याआधी त्याला काय सोसतं ते बघा. यंत्राला तोंड नसतं, त्याला हात लावून पारखावं लागतं. माणसाला तोंड असतं, त्याला नुसतं विचारलं तरी पुरतं.