फाटकाने ओळखलेला चेहरा

रेवतीचा फोन थरथरला तेव्हा ती विक्रोळीच्या ऑफिसात नव्या मुलांना शिकवत होती, कंपनीच्या माहितीला धोका असला तर काय करायचं ते. फोनवर आलं होतं, 'श्यामसुंदर आत आले.'

श्यामसुंदर तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिने फोन पालथा घातला. "धोका दिसला की ती वाटच सोडायची, नाहीतर कुलपं वाढवून तो कमी करायचा. विमा काढून दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतो. काहीच जमलं नाही तर आपला म्हणून पदरात घ्यायचा. पण त्यालाही वरच्यांची सही लागते हं! गुपचूप घेतला तर त्याला निष्काळजीपणा म्हणतात."

मुलं हसली. रेवतीने मात्र आपला धोका गुपचूपच घेतला होता.

मुलुंडला त्यांच्या सोसायटीने चेहरा ओळखणारा कॅमेरा फाटकावर बसवला, तेव्हा सेक्रेटरी चंद्रप्रकाश घरोघर फोटो गोळा करत फिरले. रेवती कामावर. तिच्या सासूबाईंनी, शेवंतीबाईंनी, सगळ्यांचे फोटो दिले आणि हार बाजूला सारून भिंतीवरचा लेकही दाखवला. फ्लॅट अजून त्याच्याच नावावर, म्हणजे सभासद तोच. चंद्रप्रकाशांनी मुकाट्याने नोंद केली. अशा आईला नाही कोण म्हणणार?

तेव्हापासून तो रोज दुपारी आत येत होता. बाहेर गेल्याचं मात्र कॅमेऱ्याने फोनवर एकदाही कळवलं नाही. रेवती आधी घाबरली, मग सरावली, आणि मग, खरं सांगायचं तर, वाट बघू लागली.

त्या दिवशी लेकीचा, प्रांजलचा, शाळेतून आल्यावर फोन आला. "मम्मी, आजी भाजीला गेलीय आणि दाराबाहेर कोणीतरी चपला काढल्या. बघितलं तर कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी रेवती रजा टाकून फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीत बसली. उन्हातून सासूबाई आल्या. एका हातात भाजीची पिशवी आणि छातीशी लेकाची फ्रेम. कॅमेऱ्याने टिंग केलं.

"आई! हे काय?"

"पिंपळापर्यंत फिरवून आणते त्याला. घरात बसवत होतं का कधी त्याच्याने? जाताना पिशवीत घालते. येताना पिशवीत भाजी असते."

रेवती पोट धरून हसली. हसता हसता थांबली. श्यामचा फोटो तर शोकसंदेशासोबत शंभर ठिकाणी फिरला होता. उद्या तो कोणी कॅमेऱ्यासमोर धरला तर? आणि दुपारी प्रांजल घरात एकटी.

"तुझाही फोटो धरता येईलच की कुणाला," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या नावाने कोणी शिरलं तर मी बोंब मारीन, मी तर ऑफिसात आहे म्हणून. श्याम कुठून बोंब मारणार? आई, त्या कॅमेऱ्याला फोटो आणि माणूस यातला फरक कळत नाही हो."

"मला तरी कुठे कळतो?"

दोघी जिन्यापाशी उभ्या राहिल्या. मग सासूबाईंनी फ्रेमची काच पदराने पुसली. "पोर एकटी असते. काढ त्याला."

रेवतीने चंद्रप्रकाशांसमोर बसून ते नाव यंत्रातून पुसून घेतलं. 'नक्की ना?' असं यंत्राने विचारलं. तिने डोळे मिटून बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन थरथरला.

'श्यामसुंदर बाहेर गेले.'

सोबत फाटकाचं चित्र होतं. आडवा दांडा वर गेलेला, खाली कोणी नाही. फक्त सोसायटीचा कुत्रा रस्त्याकडे तोंड करून शेपटी हलवताना टिपला गेला होता.

ती बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली आणि घरी फोन लावला. प्रांजलने उचलला.

"बाबाचा फोटो कुठे आहे गं?"

"भिंतीवर. का? आजी आज गेलीच नाही, गवार निवडतेय."

"तिला फोन दे."

पलीकडे खुडबुड झाली. रेवतीने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी विचारलं, "गेला का गं?"

"हो, आई."

"मघाशी दाराशी चपला वाजल्या. मी इथूनच म्हटलं, सावकाश जा रे." गवारीची शेंग मोडल्याचा आवाज आला. "प्रांजलला आतून कडी घालायला लावलीय. तू नको काळजी करूस."