पडदेवाले

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पडदेवाले म्हणत. एका शेजाऱ्याने तर खरोखरच खिडकीचं माप आणून दिलं होतं. पडदे ते करत, पण गळ्यातले: मऊ जेलच्या थरावर जिवंत पेशी वाढवून केलेले स्वरपडदे. पेशी बायकोच्याच, गालाच्या आतून काढलेल्या. नऊ वर्षांपूर्वी गाठीच्या ऑपरेशनमध्ये या बाईंचे स्वरपडदे गेले आणि तेव्हापासून त्यांच्या वतीने पाटी बोलते.

जेल किती घट्ट, किती सैल, हे पडदेवाल्यांनी ऑफिसातल्या फोनच्या आन्सरिंग मशीनच्या कॅसेटवरच्या एका निरोपाशी जुळवलं होतं. ऑपरेशनच्याही सोळा वर्षं आधीचा, एकोणीस सेकंदांचा: "अहो, किल्ली शेजारी ठेवलीय. आणि छत्री विसरलात, शहाणेच आहात..." बाईंच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंगच नव्हतं. त्रेचाळीस पडदे फाटले, चिकटले किंवा बेडकासारखे ओरडले. चव्वेचाळिसावा जमला.

त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. संमतीपत्रावर सही झाली की पडदा बसवायचा, एवढंच उरलं होतं. चाचणी करणाऱ्या ताईंनी नळीतून कोमट, दमट हवा सोडली. पडदा थरथरला. "आऽऽ."

पडदेवाल्यांचे डोळे भरून आले. "ओळखलास?"

बाईंनी पुन्हा वाजवायला लावलं. तीनदा. मग पाटीवर लिहिलं, 'ही कोण?'

"अगं, तूच!"

'ही तिशीतली. मी सत्तावन्नची.'

"गोड आहे की," ताई म्हणाल्या.

'म्हणूनच विचारते.'

ताई खुदकन हसल्या. पडदेवाल्यांना काही हसू फुटलं नाही. "थोडा सैल करतो. वय वाढवता येतं."

बाईंनी पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. 'गाठ झाली, आई गेली, तुम्ही इथेच मुक्काम ठोकलात. एवढ्यातून माझा आवाज कसा झाला असता, ते कशाशी जुळवणार?'

पडदेवाल्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. जेलबद्दल विचारलं असतं तर तासभर बोलले असते.

बाईंनी कोरं संमतीपत्र घडी घालून पर्समध्ये टाकलं. 'विचार करून सांगते,' लिहून त्या बसस्टॉपकडे गेल्या. पोहोचवायला कोणी गेलं नाही.

"ताई," पडदेवाले म्हणाले, "जरा हवा सोडा."

ताईंनी सोडली. पडदेवाले खुर्ची ओढून नळीजवळ बसले.