चुकांची वही

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, मे महिन्यातल्या एका सकाळी, म्तोकाले झोम्बाच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेची फरशी दुसऱ्यांदा पुसत होते. झिओनेच्या पीएच.डी.च्या परीक्षेला लुसाकाहून परीक्षक यायचे होते. फरशी झाल्यावर त्यांनी बरण्या, भांडी, काचेच्या कांड्या, हाताला लागेल ते धुऊन खिडकीतल्या उन्हात मांडलं.

झिओने आली तेव्हा सगळं जागच्या जागी लखलखत होतं.

"आगोगो, आज तर लग्नघर दिसतंय!"

"आजोबा म्हणता, मग नातीचंच कार्य आहे की, डॉक्टरीणबाई."

"अजून झाले नाही हो."

"संध्याकाळपर्यंत व्हाल. उगाच नखरे नकोत."

उन्हापासून वीज करणाऱ्या सूर्यघटासाठी चार वर्षं खपून तिने काचेच्या पट्टीवर तांब्याच्या ऑक्साइडचा विटकरी थर चढवला होता. पट्टी द्रावणात बुडवायची आणि दिवा लावायचा. प्रकाश पडला की विजेचा आकडा उडी मारी, झाकला की खाली बसे. तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं.

परीक्षक चिसेंगांसमोर मात्र आकडा भटकत राहिला. दिवा असो नसो, पडद्यावरची रेघ घसरतच होती. झिओनेने तारा बदलल्या, द्रावण बदललं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला.

"थर टिकाऊ दिसत नाही." चिसेंगांनी पेन उघडलं.

"सर, काल ठीक होता."

"काल मी नव्हतो, बाई."

दारापाशी उभे असलेले म्तोकाले टोपी काढून पुढे आले.

"साहेब, लिहायच्या आधी एक विचारू? ती बारीक कांडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात ना, ती कोरडी झाली तर चालते का?"

झिओने गर्रकन वळली. "कोरडी?"

"पाणी गढूळ दिसलं. ओतून दिलं. कांडी उन्हात ठेवली, मग भांड्यात नळाचं ताजं पाणी घालून परत बुडवली."

तिने कांडी उजेडात धरली. टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला होता. बाकीचे सगळे आकडे या कांडीपासून मोजायचे. तीच हलली की काहीच खरं नाही.

चिसेंगांनी पेन मिटलं. "दुसरी आहे?"

"एकच आहे, सर. पुन्हा भरून भिजत घालावी लागेल. तीन तास."

"मग जेवून घेऊ. तुमचा चांबो मासा तरी टिकाऊ आहे का बघू."

तीन वाजता दिवा लागला. आकडा उडाला, झाकल्यावर बसला. असं दहा वेळा झालं. अकराव्यांदा चिसेंगांनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं, आणि हसून झिओनेपुढे हात केला.

"अभिनंदन, डॉक्टर."

प्रयोगशाळेत एक वही होती. ज्याची चूक, त्याने ती स्वतःच्या हाताने तीत लिहायची. झिओनेने पेन उचललं.

"मी लिहिते, आगोगो."

"का म्हणून? चूक माझी आहे."

त्या वहीत आजवर शिकलेल्यांचीच नावं होती. प्रौढांच्या वर्गात साठीनंतर अक्षरं गिरवलेल्या म्तोकालेंनी सावकाश लिहिलं: कांडी वाळवली. म्तोकाले.

दुसऱ्या दिवशी ती ओळ दाखवायला त्यांनी बायकोला प्रयोगशाळेत आणलं. ती नवी चिटेंजे नेसून आली होती.

वायसन म्तोकाले त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्टच्या अकरा तारखेला वारले.